वाचकांचे प्रश्न: वार्धक्याचा अभ्यास, परदेशी प्रशिक्षण आणि आपले घर

मागील अंकात वृद्धांच्या आरोग्यसेवेवर संशोधन करणाऱ्या तरुणांसाठी भारतीय आणि परदेशी संस्था मिळून जे प्रशिक्षण चालवतात, त्याचा मी ओझरता उल्लेख केला होता. त्यावर अपेक्षेपेक्षा जास्त पत्रे आली. काही विद्यार्थ्यांची होती, काही प्राध्यापकांची, आणि बरीचशी अशा घरांतून आली होती, जिथे कोणीतरी येऊन आजी-आजोबांना प्रश्न विचारून गेले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि नावे गाळून फक्त गावे ठेवली आहेत.

प्रश्न (लातूर): मी सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. आमच्या विभागात परदेशी विद्यापीठाबरोबर 'आरोग्यसेवा आणि वार्धक्य' या विषयातील संयुक्त प्रशिक्षण सुरू करण्याची चर्चा आहे. वृद्धांची सेवा तर आपल्याकडे घरोघरी होतेच. मग ती शिकण्यासाठी परदेशाशी करार कशाला?

उत्तर: तुमची शंका रास्त आहे. सेवा शिकण्यासाठी हा करार नसतो; सेवा कुठे पोहोचते, कुठे अडते आणि का अडते हे मोजायला शिकण्यासाठी तो असतो. एखादे औषध गुणकारी आहे का, हा वैद्यकीय संशोधनाचा प्रश्न झाला. तेच औषध डोंगरावरच्या वाडीत एकट्या राहणाऱ्या आजीपर्यंत पोहोचते का, पोहोचले तर ती ते महिनाभर घेते का, ते आणण्यासाठी तिच्या मुलाची किती दिवसांची मजुरी बुडते आणि शेवटी ती औषध थांबवून अंगारा का लावते, हे प्रश्न आरोग्यसेवा संशोधनाचे आहेत. आपल्याकडे पहिल्या प्रकारचे संशोधक पुष्कळ आहेत, दुसऱ्या प्रकारचे फार थोडे.

त्यात वार्धक्य हा विषय आणखी अवघड, कारण तो एका भेटीत कळत नाही. तेच माणूस, त्याच प्रश्नांसह, काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा भेटावे लागते. मधल्या काळात कोण गेले, कोण मुलाकडे पुण्याला राहायला गेले, कोणाला आता ऐकू येत नाही, या सगळ्याची नोंद ठेवावी लागते. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने असा पाठपुरावा १९९२ मध्ये सुरू केला. इंग्लंडने २००२ मध्ये, युरोपातील काही देशांनी मिळून २००४ मध्ये आणि चीनने २०११ मध्ये तीच वाट धरली. भारताचा असा पहिला मोठा अभ्यास, ज्याला सगळे 'लासी' (लॉन्गिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया) म्हणून ओळखतात, त्याची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली. मुंबईत गोवंडी-देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, अमेरिकेतील हार्वर्डची सार्वजनिक आरोग्य शाळा आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी मिळून तो केला आणि त्यात पंचेचाळीस वर्षांवरील व्यक्ती व त्यांचे जोडीदार धरून बहात्तर हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखती झाल्या.

या अभ्यासातील एका घरभेटीचा विचार करा. प्रश्नावली लॅपटॉपवर असते. प्रश्न झाल्यावर आजोबांच्या हातात पकडीची ताकद मोजणारे यंत्र दिले जाते, त्यांना ठरावीक अंतर चालायला सांगून वेळ घेतली जाते, नळीत जोरात फुंकायला सांगून फुप्फुसांची क्षमता पाहिली जाते आणि बोटाला टोचून रक्ताचे थेंब एका खास कागदावर वाळवले जातात. ते कागद पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत आले. रत्नागिरीतला मुलाखतकार 'जोर लावा आजोबा, अजून जोर लावा' म्हणाला आणि रांचीतला काहीच बोलला नाही, तर दोन्हीकडच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही. ही शिस्त पुस्तकातून येत नाही, ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे हे काम केले त्यांच्या शेजारी बसून येते. प्रशिक्षणाच्या भागीदारीचे खरे प्रयोजन हेच आहे.

आणि हे आपल्याला नवे नाही. ज्या गोवंडीच्या संस्थेचा उल्लेख केला, ती मुळात अशाच भागीदारीतून जन्मली. १९५६ मध्ये भारत सरकार, संयुक्त राष्ट्रसंघ आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांनी मिळून लोकसंख्याशास्त्राचे प्रशिक्षण देण्यासाठी ती स्थापन केली, तीही फक्त भारतासाठी नव्हे, आशिया-पॅसिफिकच्या सगळ्या प्रदेशासाठी. म्हणजे आज आपण जिथे शिष्य म्हणून उभे आहोत असे वाटते, तिथे मुंबई सत्तर वर्षांपूर्वीपासून इतर देशांच्या मुलांना शिकवते आहे.

प्रश्न (वाई): माझ्या पंच्याऐंशी वर्षांच्या आईची स्मरणशक्ती तपासायला एक ताई आल्या होत्या. आई शाळेची पायरी कधी चढली नाही. तिला तारीख विचारली, वजाबाकी करायला सांगितली. हे प्रश्न परदेशातून आले आहेत असे समजले. न शिकलेल्या बाईला असे प्रश्न विचारून तिला विस्मरणाचा आजार आहे असे ठरवणे हा अन्याय नाही का?

उत्तर: तुम्ही जो प्रश्न विचारला आहे, तोच प्रश्न विचारल्यामुळे भारतातील या विषयाचे संशोधन खऱ्या अर्थाने उभे राहिले, म्हणून मी सविस्तर लिहितो.

स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, ओळखण्यासाठी जगभर जी छोटी चाचणी वापरली जाते, ती अमेरिकेत तयार झाली. त्यात शंभरातून सात-सात वजा करत जायचे असते, एक वाक्य लिहायचे असते आणि 'डोळे मिटा' असे कागदावर लिहिलेले वाचून डोळे मिटायचे असतात. शाळा पाहिलेल्या माणसासाठी हे ठीक आहे. पण ज्या स्त्रीने आयुष्यात पेन हातात धरला नाही, तिच्या मेंदूत काही बिघाड नसतानाही ती या चाचणीत नापास होणार.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हरियाणातील बल्लभगढ परिसरातील २८ खेड्यांत पिट्सबर्ग विद्यापीठ आणि दिल्लीतील संशोधकांनी मिळून काम सुरू केले. मेरी गांगुली या मनोविकारतज्ज्ञ त्यातील एक प्रमुख संशोधक होत्या. तिथे पंचावन्न वर्षांवरील ५,१२६ लोकांची पाहणी झाली आणि त्यांपैकी सुमारे ७३ टक्के निरक्षर होते. अमेरिकन चाचणी जशीच्या तशी नेण्याऐवजी त्यांनी ती मुळापासून पुन्हा घडवली. शंभरातून सात वजा करण्याऐवजी वीसातून तीन-तीन वजा करायला सांगितले, आठवड्याचे वार उलट्या क्रमाने विचारले. 'डोळे मिटा' हे वाचून दाखवायला न सांगता तपासनीस म्हणे, 'माझ्याकडे पाहा आणि मी करते तसे करा', आणि स्वतः डोळे मिटून घेई. वाक्य लिहिण्याऐवजी 'तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा' असे विचारले. प्रत्येक बदल आधी गावात करून पाहिला, चुकला तर सोडला, मग पक्का केला. १९९५ मध्ये ही हिंदी चाचणी प्रसिद्ध झाली आणि पुढे अनेक भारतीय अभ्यासांनी तीच पायाभूत मानली. लासीचा जो स्मृतिभ्रंशाविषयीचा वेगळा उपअभ्यास झाला, त्यातही ती आहे.

मला इथे महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की प्रशिक्षणाची दिशा एकच नव्हती. बल्लभगढच्या कार्यकर्त्यांना पिट्सबर्गकडून नमुना निवडणे, नोंदी तपासणे, निदानाचे निकष लावणे शिकायला मिळाले. पण निरक्षर माणसाची बुद्धी कशी मोजायची, हे अमेरिकेला शिकावे लागले ते इथल्या अंगणात. पुढे याच अभ्यासातून २००१ मध्ये असे प्रसिद्ध झाले की पासष्ट वर्षांवरील हजार माणसांमागे वर्षाला अल्झायमरची नवी प्रकरणे बल्लभगढमध्ये सुमारे पाच, तर पेनसिल्व्हेनियातील मोनोंगाहेला खोऱ्यात सतराच्या वर आढळली. हा फरक कशामुळे, आहार, आयुर्मान की जनुके, यावर अजूनही विचार चालू आहे. पण चाचणी बदलली नसती, तर हा प्रश्न विचारताच आला नसता. सगळे गावच आजारी आहे असा चुकीचा निष्कर्ष निघाला असता.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका खेड्यात विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या एका आजींना आमच्या विद्यार्थ्याने विचारले, 'आज तारीख किती?' आजी म्हणाल्या, 'मला नाही ठावं.' त्याने शून्य गुण लिहिले. मी शेजारी बसून विचारले, 'आज उपास आहे का?' त्या हात न थांबवता म्हणाल्या, 'आज कुठला? चतुर्थी परवा हाय, मंगळवारी, अंगारकी.' त्यांना तिथी, वार आणि त्या दोन्हींचा योग, तिन्ही ठाऊक होते. त्या मुलाने शून्य खोडले, आणि मला वाटते त्या दिवशी तो खरे संशोधन शिकला.

तेव्हा तुमच्या आईंची चाचणी कोणत्या भाषेतील होती, शिक्षण नसल्याची नोंद घेऊन गुण मोजतात का, आणि तुमच्याकडून, म्हणजे रोज सोबत राहणाऱ्या माणसाकडून, आईंच्या दैनंदिन वागण्याबद्दल विचारले का, हे त्या ताईंना अवश्य विचारा. चांगल्या अभ्यासात घरच्या माणसाची मुलाखत असतेच. केवळ गुण कमी पडले म्हणून निदान केले जात नाही. लासीच्या उपअभ्यासात साठ वर्षांवरील सुमारे चार हजार लोकांची अशी तपशीलवार तपासणी झाली, त्यांपैकी बऱ्याच जणांची प्रकरणे वाचून डॉक्टरांनी मत दिले आणि त्यावरून देशात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रश्न (बार्देश, गोवा): सासूबाईंना विस्मरण आहे. त्या रात्री उठून दार उघडून बाहेर जातात, मलाच चोर समजतात. मी चार वर्षे नीट झोपले नाही. तुम्ही लिहिता ते प्रशिक्षण, परिषदा, विद्यापीठे यांतून माझ्यासारखीच्या वाट्याला काय येते?

उत्तर: ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. योगायोग असा की तुम्ही ज्या तालुक्यातून लिहिता, त्याच तालुक्यात या प्रश्नाचे एक उत्तर शोधले गेले.

१९९८ मध्ये कोचीला झालेल्या एका बैठकीतून 'टेन-सिक्स्टीसिक्स' नावाचा संशोधकांचा गट स्थापन झाला. नावाचा अर्थ असा की स्मृतिभ्रंशाचे दोन-तृतीयांश, म्हणजे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत राहतात, पण त्या विषयावरील संशोधनाचा दहा टक्केही भाग त्यांच्या वाट्याला येत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजचे मार्टिन प्रिन्स यांनी त्याचे नेतृत्व केले आणि वेल्लोर, चेन्नई, गोवा अशा ठिकाणचे डॉक्टर त्यात आले. गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील अमित डायस आणि मानसिक आरोग्यावर काम करणारी गोव्याचीच 'संगत' ही संस्था यांनी तिसवाडी आणि बार्देश या तालुक्यांत ८१ कुटुंबे घेऊन एक प्रयोग केला. निम्म्या कुटुंबांना लगेच मदत मिळाली, बाकीच्यांना सहा महिन्यांनंतर. मदत करणाऱ्या बाया डॉक्टर नव्हत्या, परिचारिकाही नव्हत्या. त्या स्थानिक होत्या, त्यांना थोड्या काळाचे प्रशिक्षण दिलेले होते आणि गरज पडेल तेव्हा मनोविकारतज्ज्ञाशी बोलण्याची सोय होती. त्या घरी येत, हा आजार आहे, हट्ट किंवा वेड नाही, हे समजावून सांगत, रात्रीचे भटकणे, संशय घेणे अशा वागण्याला कसे तोंड द्यायचे ते दाखवत, सरकारी योजनांची माहिती देत आणि मुख्य म्हणजे सांभाळणाऱ्या बाईचे ऐकून घेत.

२००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ज्या घरांना मदत मिळाली, तिथल्या सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य स्पष्टपणे सुधारले आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. आजार बरा झाला नाही, तो होणारही नव्हता. पण झोप थोडी परत आली.

याच मातीत पुढे आणखी एक काम झाले, तेही पिट्सबर्ग विद्यापीठ, गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि संगत यांच्या भागीदारीतून. साठीपुढील १८१ लोक, ज्यांच्यात उदासीनतेची सौम्य लक्षणे होती पण पूर्ण आजार नव्हता, त्यांतील काहींना सामान्य माणसांमधूनच तयार केलेल्या समुपदेशकांनी भेट देऊन अडचणी एकेक करून कशा सोडवायच्या, झोप कशी सुधारायची, मधुमेहासारखा आजार कसा सांभाळायचा आणि हक्काच्या योजना कशा मिळवायच्या हे शिकवले. वर्षभराने पाहिले तेव्हा नैराश्याचा पूर्ण आजार त्यांच्यात ४.४ टक्क्यांना झाला होता आणि नेहमीचे उपचार मिळणाऱ्यांत १४.४ टक्क्यांना. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. औषधाच्या एका गोळीशिवाय मिळालेला हा फरक आहे.

तुम्हाला आत्ता काय करता येईल? गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात किंवा पर्वरीला संगतच्या कार्यालयात जाऊन मनमोकळेपणाने बोला. दाराला वरच्या बाजूला, त्यांच्या नजरेत येणार नाही अशी कडी बसवा. आणि त्या जेव्हा तुम्हाला चोर म्हणतात तेव्हा खुलासा करू नका. 'चला, दोघी मिळून शोधू' म्हणा आणि विषय चहाकडे वळवा. सांभाळणाऱ्यांना असेच काही साधे मार्ग शिकवले जातात.

प्रश्न (शिरूर): आमच्या भागात गेली अनेक वर्षे घरोघर नोंदी घेतात. ही माहिती परदेशात विकली जाते असे काही जण म्हणतात. खरे काय?

उत्तर: पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचा वढू येथील ग्रामीण कार्यक्रम शिरूर आणि हवेली तालुक्यांतील २२ गावांत २००२ पासून जन्म, मृत्यू आणि स्थलांतराच्या नियमित नोंदी ठेवतो. तुमचे गाव बहुधा त्यांत असेल. २००६-०७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेबरोबर आशिया-आफ्रिकेतील अशा आठ ठिकाणी पन्नाशीपुढील लोकांच्या आरोग्याची पाहणी झाली. त्यात वढूबरोबर बांगलादेशातील मतलब, घानातील नवरोंगो, केनियातील नैरोबी, दक्षिण आफ्रिकेतील अगिनकोर्ट अशी नावे आहेत. शिरूरच्या शेतकऱ्याची गुडघेदुखी आणि नवरोंगोच्या शेतकऱ्याची गुडघेदुखी एकाच मापाने मोजली गेली, हे मला आजही विलक्षण वाटते.

विकण्याचा प्रश्न नाही, पण विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. परदेशी सहभाग असलेल्या आरोग्य संशोधनाला संस्थेच्या नैतिकता समितीची आणि आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते; या समितीचे काम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेमार्फत चालते. नाव, पत्ता, फोन काढून टाकल्यावरच माहिती इतर संशोधकांना दिली जाते. तुम्हाला दिलेल्या संमतिपत्रकाची एक प्रत तुमच्याकडे असली पाहिजे आणि त्यावर कोणाशी संपर्क साधायचा ते लिहिलेले असले पाहिजे. प्रत नसेल तर पुढच्या भेटीत मागा. नाही म्हणण्याचाही अधिकार आहे, आणि नाही म्हटल्याने दवाखान्यातील तुमच्या उपचारात काही फरक पडता कामा नये.

प्रश्न (विदर्भातील एक प्राध्यापक): आमच्या वैद्यकीय महाविद्यालयापुढे एका परदेशी विद्यापीठाने सामंजस्य कराराचा मसुदा ठेवला आहे. सही करण्यापूर्वी काय पाहावे?

उत्तर: सर, मी आधी माझी ठेच सांगतो. एका करारात आमच्या विभागाने दोन वर्षे माहिती गोळा केली. आमची मुले उन्हातान्हात गावोगाव फिरली. लेख प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांची नावे शेवटच्या परिच्छेदातील आभारांत होती. करारात लेखकांच्या क्रमाबद्दल एक ओळही नव्हती, म्हणून तक्रार करायला जागा नव्हती. दोष आमचाही होता. सही करण्याच्या घाईत आम्ही समारंभाचे छायाचित्र पाहिले, मसुदा पाहिला नाही.

म्हणून पहिली गोष्ट: संशोधनाचा प्रश्न कोणी ठरवला? तुमच्या भागातील वृद्धांना ज्याचा त्रास आहे तो प्रश्न त्यात आहे का, की परदेशी विद्यापीठाला हवा असलेला प्रश्न तुमच्या गावांत फक्त विचारून हवा आहे? दुसरी गोष्ट पैशाची. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीच्या कायद्यानुसार एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि ती स्टेट बँकेच्या दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. तेव्हा 'पैसे आमच्याकडे येतील, मग आम्ही तुम्हाला देऊ' असे कोणी भारतातीलच भागीदार म्हणत असेल, तर आधी हिशेबनीसाशी आणि वकिलाशी बोला. अमेरिकेच्या बाजूनेही परिस्थिती बदलली आहे: तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १ मे २०२५ रोजी जाहीर केले की अमेरिकन विद्यापीठामार्फत परदेशी संस्थेला उपअनुदान देण्याची जुनी पद्धत बंद करून नवी रचना आणली जाईल. त्यामुळे करारात पैसा मध्येच थांबला तर नेमलेल्या मुलांचे काय, हे कलम असलेच पाहिजे.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे परत आल्यावरची खुर्ची. याच अमेरिकन संस्थेचे फोगार्टी केंद्र १९६८ पासून परदेशी संशोधकांच्या प्रशिक्षणाला मदत करते. १९८८ मध्ये एड्ससाठी त्यांनी जो कार्यक्रम सुरू केला, त्याची मांडणी अशी होती की एकट्या व्यक्तीला शिष्यवृत्ती देण्याऐवजी तिच्या मायदेशातील संस्थेशी नाते जोडायचे, आणि शिकून आलेल्याने तिथेच संशोधन करायचे. ही मांडणी मला योग्य वाटते. तुमच्या महाविद्यालयात शिकून आलेल्या मुलीला संशोधनासाठी आठवड्यातून दोन दिवस मोकळे मिळणार आहेत का? संख्याशास्त्राचा एक माणूस तिच्या जोडीला आहे का? की ती आल्यावर पुन्हा महाविद्यालयाच्या तपासणीसाठी हजेरीपट पूर्ण करण्यातच वर्ष घालवणार? याचे लेखी उत्तर तुमच्या अधिष्ठात्यांकडून आधी घ्या. परदेशी विद्यापीठाकडून नंतर. माहिती कोणाच्या संगणकावर राहील, रक्ताचे नमुने देशाबाहेर जाणार असतील तर कोणत्या अटींवर आणि लेखांचा पहिला लेखक कोण, ही कलमे आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांशी ताडून पाहा.

प्रश्न (कोल्हापूर): पीएचडी चालू आहे, विषय वृद्धांचा दवाखान्याचा खर्च. परदेशात काही महिने शिकायचे आहे, पण तिथेच राहायचे नाही. वाटा कोणत्या?

उत्तर: राहायचे नाही असे स्पष्ट म्हणता, हे बरे झाले, तुम्हाला सोयीच्या वाटा आहेत. भारतात पीएचडीसाठी नोंदणी असलेल्यांना फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीतून अमेरिकेत सहा ते नऊ महिने काम करता येते. त्यातील व्हिसाला दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. अनेकांना ती जाचक वाटते, तुम्हाला वाटणार नाही. ब्रिटनच्या राष्ट्रकुल शिष्यवृत्तीत 'स्प्लिट-साइट' प्रकार आहे, ज्यात पदवी इथलीच राहते आणि वर्षभर तिथे मार्गदर्शन मिळते. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज मिळून चालवत असलेल्या ग्लोबल ब्रेन हेल्थ इन्स्टिट्यूटमध्ये मेंदूचे आरोग्य आणि स्मृतिभ्रंश या विषयांसाठी वर्षभराची अधिछात्रवृत्ती आहे. तिथे डॉक्टरांबरोबर अर्थशास्त्रज्ञ, पत्रकार आणि कलावंतही घेतले जातात. दरवर्षी तारखा आणि अटी बदलतात, म्हणून त्यांच्या संकेतस्थळावरचेच पाहा, एजंटाचे ऐकू नका.

पण जाण्यापूर्वी एक काम इथेच करून घ्या. लासीची माहिती गोवंडीच्या संस्थेकडे अर्ज केल्यास संशोधनासाठी मिळते. दवाखान्यात दाखल झाल्यावर खिशातून किती गेले, कर्ज काढले का, दागिने विकले का, हे त्यात आहे. महाराष्ट्रातील कुटुंबे वेगळी काढून सहा महिने त्यात बुडून राहा. मग परदेशी मार्गदर्शकाला लिहाल तेव्हा 'मला शिकायचे आहे' असे न लिहिता 'मला हे आढळले, इथे मी अडलो' असे लिहिता येईल. अशा पत्राला उत्तर येण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

प्रश्न (न्यू जर्सी): मी संख्याशास्त्रज्ञ आहे, मूळचा सोलापूरचा. तीस वर्षे इथे झाली. माझ्यासारख्याचा काही उपयोग आहे का?

उत्तर: मोठा उपयोग आहे. देणगीपेक्षा तुमचा वेळ मोलाचा आहे. एखाद्या जिल्ह्यातील महाविद्यालयाच्या दोन विद्यार्थ्यांचे सहमार्गदर्शक व्हा. तुमची सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ, तेव्हा आठवड्यातून एक तास सहज जमतो. तेच लोक वर्षांनंतर पुन्हा भेटतात तेव्हा जे मध्ये गळाले त्यांचा हिशेब कसा लावायचा, हे आपल्याकडे शिकवणारे कमी आहेत. आणि मराठीतून शिकवा. 'लॉन्गिट्यूडिनल' म्हणण्याऐवजी 'पाठपुराव्याचा अभ्यास' म्हटले की खेड्यातून आलेल्या मुलाला ते लगेच कळते, कारण त्याच्या आजीच्या रक्तदाबाच्या वहीत आशाताईंनी दर महिन्याला तेच केलेले त्याने पाहिलेले असते.